क्लेश्चेन्को : खेळाडू आणि प्रशिक्षक

गेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या संघावर पहिल्याच सामन्यात सात गोल झाले. गोलरक्षक मीच होतो. पुढे कित्येक दिवस जो भेटेल तो एकच विचारी, "किती?" त्या दिवसांत सेर्गेई क्लेश्चेन्को यांच्याविषयी वाचनात आले, आणि एका निकालावरून माणसाची पारख करावी काय, हा प्रश्न मनात घर करून बसला.

मोल्डोव्हा हा रुमानिया व युक्रेन यांच्यामधला, जेमतेम पंचवीस लाख वस्तीचा देश. त्याच्या राष्ट्रीय संघाने पहिला सामना 2 जुलै 1991 रोजी खेळला. स्वातंत्र्याची घोषणा त्यानंतर, 27 ऑगस्टला झाली. 1972 साली जन्मलेले क्लेश्चेन्को हे या पहिल्या पिढीचे खेळाडू. किशिनाऊच्या झिंब्रू संघातून ते पुढे आले. 2006 पर्यंत देशासाठी 69 सामने खेळून त्यांनी 11 गोल केले. हा आकडा आपल्याला लहान वाटेल. पण त्या देशात तो अनेक वर्षे विक्रम होता! इस्रायलच्या हापोएल तेल अवीव संघाकडून त्यांनी 2001 मध्ये चेल्सीविरुद्ध गोल केला, आणि मार्च 2002 मध्ये युएफा चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत बलाढ्य मिलान संघाविरुद्ध पहिल्या सामन्यातील एकमेव गोलही त्यांचाच. लोकांच्या प्रेमाची मुळे इथे असावीत.

2021 च्या अखेरीस ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. 20 जून 2023 रोजी किशिनाऊ येथे पोलंडशी सामना होता. जागतिक क्रमवारीत मोल्डोव्हा 171 वा. मध्यंतराला पोलंड 2-0 ने पुढे. उत्तरार्धात निकोलाएस्कूने दोन व बाबोग्लोने एक गोल करून सामना 3-2 असा जिंकला. पुढे वॉर्सा येथे 1-1 अशी बरोबरी झाली. नोव्हेंबरात चेक संघाविरुद्धचा शेवटचा सामना जिंकला असता, तर मोल्डोव्हा प्रथमच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पोहोचला असता. तो 0-3 असा हरला. 2024 मध्ये मात्र नेशन्स लीगच्या आपल्या गटात तो पहिला आला व वरच्या श्रेणीत गेला.

नंतर 9 सप्टेंबर 2025 उजाडला. ऑस्लो येथे नॉर्वेने मोल्डोव्हाचा 11-1 असा धुव्वा उडविला. हालांडने एकट्याने पाच गोल केले. क्लेश्चेन्को यांनी राजीनामा दिला.

पराभवाची जबाबदारी प्रशिक्षकाची, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ऑस्लोचे अकरा गोल मोजणाऱ्याने किशिनाऊचे तीनही मोजावेत. तळाच्या संघाला शेवटच्या सामन्यापर्यंत आशेवर ठेवणे हेही प्रशिक्षकाचेच काम, आणि ते त्यांनी केले होते, असे माझ्या अल्पमतीस वाटते.

यंदाच्या संघासाठी मी पुन्हा नाव दिले आहे. कोणी "किती?" म्हणून विचारलेच, तर "सात" असे सरळ सांगतो.