जाहिरात अडवावी का? : घरच्या इंटरनेटविषयी एक अभ्यास

स्मरणिका म्हटली की तिच्यात जाहिराती आल्याच. कृषी सेवा केंद्र, केळीचे व्यापारी, कापड दुकान, औषधालय, पतसंस्था यांच्या शुभेच्छांवर अशा अंकाचा छपाईखर्च निघतो, हे अर्धापूरच्या परिसरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. या जाहिरातींविषयी कोणाची तक्रारही नसते. जाहिरात आपल्या पानावर स्थिर असते. नको असेल तो वाचक पान उलटतो. आणि पान उलटणारा कोण, त्याचे वय काय, त्याला पैशांची निकड आहे किंवा नाही, यांपैकी काहीही तिला कळत नाही.

मोबाइलवरील जाहिरात मात्र वाचकाकडे पाहत असते. इंटरनेटवरील पहिली चित्रपट्टीरूप जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली, तेव्हा तीही छापील जाहिरातीसारखीच सर्वांना सारखी दिसत होती. आज एखादे पान उघडताच त्या पानाबरोबर अनेक त्रयस्थ कंपन्यांच्या संगणकांना निरोप जातो. फोन कोणता, गाव कोणते, यापूर्वी काय पाहिले, या माहितीवरून क्षणार्धात लिलाव होतो आणि जो अधिक बोली लावील त्याची जाहिरात पडद्यावर येते. कर्ज शोधणाऱ्याला झटपट कर्जाचे ॲप दिसते, नोकरी शोधणाऱ्याला शुल्क मागणारी बनावट भरती दिसते. सुट्टीत घरी गेलेला आपला विद्यार्थी वडिलांच्या फोनवर गणिताचा धडा शोधतो, तेव्हा वडिलांसाठी निवडलेली जाहिरात त्याच्याही पुढ्यात येते. म्हणून ही जाहिरात घराच्या उंबरठ्यावरच अडवता येईल का, आणि अडवल्यास कोणती किंमत मोजावी लागेल, या दोन्ही प्रश्नांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

यंत्रणा कशी चालते

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तिला डीएनएस म्हणतात. तिला इंटरनेटची नामसूची म्हणता येईल. आपला फोन किंवा दूरदर्शन संच कोणतेही पान उघडण्यापूर्वी या सूचीला पत्ता विचारतो. पानावरील जाहिरात बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येत असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा पत्ता विचारावा लागतो. अडवण्याची युक्ती नेमकी येथे लागू पडते. जाहिरात कंपन्यांच्या नावांची यादी घरातच ठेवायची आणि त्या यादीतील नाव विचारले गेले की निरुपयोगी उत्तर द्यायचे. पत्ता मिळाला नाही की जाहिरातही येत नाही.

हे काम करणारी ‘पाय-होल’ नावाची मुक्त संगणकप्रणाली आहे. ‘रास्पबेरी पाय’सारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ती चालते आणि राउटरला एकदा सांगून ठेवले की घरातील सर्व उपकरणांना लागू होते. असे यंत्र नको असेल तर जाहिराती गाळणारी सार्वजनिक डीएनएस सेवा राउटरमध्ये नोंदवता येते. ज्या घरी फायबरची जोडणी नाही, केवळ मोबाइलचा डेटा आहे, त्या घराला राउटरवरील पहाऱ्याचा उपयोग नाही. आणि आपल्या तालुक्यातील अनेक घरे अशीच आहेत. त्यांच्यासाठी अलीकडच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आहे. तेथे अशा सेवेचे नाव लिहिले की घरात व घराबाहेर दोन्हीकडे तीच गाळणी चालते.

लाभ आणि मर्यादा

लाभ उघड आहेत. पाने लवकर उघडतात, डेटा वाचतो, फसव्या संकेतस्थळांची नावे यादीत असतील तर तीही अडतात आणि घरातील माणसांच्या हालचालींची नोंद कमी ठिकाणी होते. दूरदर्शन संचात गाळणी बसवण्याची सोय नसते. त्यालाही या मार्गाने संरक्षण मिळते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. हा पहारेकरी केवळ नाव पाहतो, आतील मजकूर त्याला दिसत नाही. यूट्यूबवर चित्रफीत आणि जाहिरात एकाच घरातून येतात. फेसबुक व इन्स्टाग्रामचेही तसेच आहे. तेथे जाहिरात अडवायची तर चित्रफीतही अडेल. काही ॲप स्वतःची वेगळी नामसूची वापरतात आणि पहाऱ्याला वळसा घालून जातात. कधी उलटे घडते. यादीत नको ते नाव शिरलेले असते आणि अर्जाचे पान, पैसे भरण्याचे पान किंवा संदेशातून आलेला दुवा उघडत नाही. अर्जाच्या अंतिम दिवशी असे झाले तर विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते. वीज जाऊन ते छोटे यंत्र बंद पडले, तर राउटर सुरू असूनही साऱ्या घराला ‘नेट गेले’ असे वाटते. शिवाय सार्वजनिक सेवा वापरल्यास आपण विचारलेले प्रत्येक नाव त्या सेवेच्या चालकाला कळते. अनेकांची नजर चुकवण्यासाठी आपण एकावर विश्वास टाकतो, हे समजून उमजून केलेले बरे.

खर्च कोणी सोसायचा

सर्वांत मोठी किंमत मात्र घराबाहेर मोजली जाते. आपण विनामूल्य वाचतो ते तालुक्याचे बातमीपत्र, पिकांविषयीचे लेख, स्पर्धा परीक्षेच्या टिपा यांतील पुष्कळसा भाग जाहिरातीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालतो. गाळणी बसवली की मोठ्या कंपनीबरोबर या लहान प्रकाशकाचाही घास अडतो.

या प्रश्नाला आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासात आधार सापडतो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. ज्या समाजासाठी हे पत्र निघाले त्याला तेवढीही रक्कम जड होती. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’लाही आर्थिक चणचणीने १९२९ मध्ये थांबावे लागले. छापील पत्र असो वा संकेतस्थळ, त्याचा खर्च कोणाला तरी उचलावा लागतो. वाचकाने वर्गणी दिली नाही तर जाहिरातदार देतो, आणि मग पत्र कोणाकडे पाहून चालायचे हेही तोच ठरवू लागतो. जाहिरात अडवणाऱ्याने म्हणूनच आपल्या उपयोगाच्या एखाद्या तरी मराठी प्रकाशनाची वर्गणी भरावी, अथवा त्या संकेतस्थळाला आपल्या यादीतून सूट द्यावी, असे आम्हांस वाटते.

यादी कोणाच्या हाती

त्याच इतिहासातील आणखी एक घटना या विषयाशी थेट जोडलेली आहे. ‘मूकनायक’ निघाल्याची जाहिरात पैसे देऊन छापावी अशी विनंती ‘केसरी’ला करण्यात आली होती, ‘केसरी’ने ती छापली नाही. जाहिरात अडवण्याचा हा अधिकार त्या काळी वृत्तपत्राच्या कचेरीत होता. त्यामुळे एका नव्या पत्राची वार्ता त्या वाचकांपर्यंत पोहोचली नाही आणि आपल्यापासून काय रोखले गेले याचा त्यांना पत्ताही लागला नाही.

घरातील नावांची यादीही अशीच मूकपणे काम करते. ती बहुधा दूरदेशीच्या अनोळखी स्वयंसेवकांनी तयार केलेली असते. तिच्यात जाहिरात कंपन्यांखेरीज आणखी कोणाची नावे घालायची, हे घरातील यंत्र सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हाती येते. कोणते उपकरण कोणते नाव विचारते याची नोंदही तिला वाचता येते. मुलाला जुगारापासून वाचवण्यासाठी बसवलेला पहारा पुढे मुलीच्या वाचनावरची पाळत होऊ शकतो. ज्यांच्या पूर्वजांना वाचण्यापासूनच दूर ठेवले गेले, त्यांनी हा अधिकार जपून वापरला पाहिजे.

कायदा आणि घर

शासनाने काही पावले टाकली आहेत. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. या तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पण वडिलांच्या नावाचा फोन मुलाच्या हातात असतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने पाहणारा प्रौढच ठरण्याचा संभव असतो. म्हणून घरातील दक्षतेची गरज उरते.

पालकांना आमच्या सूचना अशा आहेत. मूल वापरते त्या फोनवर प्रथम गाळणी बसवावी. राउटरचा विचार त्यानंतर करावा. गाळणी का बसवली हे घरातील सर्वांना सांगावे आणि ती तात्पुरती बंद कशी करायची हे किमान दोघांना शिकवावे. अर्ज वा शुल्क भरताना पान अडल्यास प्रथम गाळणी बंद करून पाहावी. कोणी काय पाहिले याची नोंद ठेवणारी सोय शक्यतो बंद ठेवावी. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

गाळणीतून सुटून आलेली जाहिरात मुलांसोबत बसून वाचावी, हे आमचे अखेरचे सांगणे. ही कोणी दिली, मलाच का दाखवली, यातून कोणाला काय मिळणार, हे तीन प्रश्न इतिहासाच्या तासाला आम्ही कोणत्याही जुन्या कागदाविषयी विचारतो. पाचवीतील मुलालाही ते विचारता येतात, आणि घरचा पहारा जेथे पोहोचत नाही त्या शहरात, वसतिगृहात वा नोकरीच्या गावी तेच त्याच्या उपयोगी पडतील.