केदारनाथ यात्रा : जवळ काय ठेवावे?
श्रीकेदारनाथ मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. २०१३ च्या महापुरानंतर नव्याने आखलेली गौरीकुंडापासूनची पायवाट सुमारे १६ किलोमीटर चढाची आहे. विरळ हवेत थोडेसे जादा ओझेही दम लावते. म्हणून अनेक भाविक सारेच सामान खेचरावर देतात. मात्र खेचर पुढे निघून गेले आणि वाटेत पाऊस आला, तर भिजलेल्या अंगात थंडी भरते. यास्तव रेनकोट, कानटोपी, जलरोधक पिशवीतील कोरडा लोकरी स्वेटर, नित्याची औषधे, पाणी, ओळखपत्र व यात्रा-नोंदणीचा कागद यात्रेकरूने स्वतःजवळच ठेवावा. सुती कपडा भिजल्यावर ऊब देत नाही, हे ध्यानात घ्यावे. नवे बूट निघण्यापूर्वी काही दिवस घालून चालावे. उर्वरित सामान खालच्या मुक्कामीच ठेवणे श्रेयस्कर.