रंग पुरवून वापरा

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, वडिलांनी घेतलेली, फिकट निळी. तिच्यावर बराचसा मूळचाच रंग टिकून आहे. पेट्रोल पंपावर हमखास कोणीतरी विचारतं, ‘पॉलिश कुठलं वापरता हो?’ नुसतं नाव सांगून कोणाचं भलं होत नाही, म्हणून हे सविस्तर.

१. आधी रंगाची जात ओळखा. हल्लीच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. पद्मिनी, जुनी अँबॅसिडर, चेतक स्कूटर यांच्या साध्या रंगांवर तो नसे; रंग हाच सगळ्यात वरचा थर. दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने जरासं पॉलिश घासून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही. लोक इथे धसका घेतात. घेऊ नका, उन्हाने मेलेला पापुद्रा तेवढा निघतोय. उलट फडकं कोरंच राहिलं आणि गाडीवर पांढुरके चट्टे पडून सालपटं निघत असतील, तर क्लिअर कोट उठलाय. त्यावर कुठलंच पॉलिश चालत नाही, थेट पेंटर गाठायचा.

२. पॉलिश म्हणजे मुद्दल मोडून खाणं. कारखान्यातून येणारा रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. रबिंग कंपाउंड यातलाच थर खरवडून चमक आणतं. दर दिवाळीला ‘रबिंग मारून देतो, नवी दिसेल’ म्हणणाऱ्याला हात जोडा. रंग आधी जातो तो कडांवरून: बॉनेटची धार, मडगार्डची घडी, दाराची कड. तिथे मास्किंग टेप लावल्याशिवाय बफिंग मशीन फिरवू देऊ नका. कडा हातानेच कराव्यात. आणि सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य पॉलिशने, वीतभर जागेवर.

३. सगळ्यात जास्त ओरखडे सोसायटीतली पहाटेची धुलाई पाडते. एक बादली, एक फडकं, चार गाड्या. पहिल्या गाडीची रेती चौथीच्या बॉनेटवर गोल गोल फिरते आणि उन्हात बघितलं की कोळ्याचं जाळं दिसतं. गाड्या धुणाऱ्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पैसेच तेवढे मिळतात. आपण दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. धूळ आधी पाण्याने वाहू द्यायची, मगच हात लावायचा. कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर नेते. पाण्यात रॉकेल टाकून पुसण्याची जुनी ड्रायव्हरी युक्ती तर मुळीच नको. तासभर चकाकतं, मग धूळ चिकटते आणि रबरी बीडिंग फुगतं.

४. फिका पडलेला टप परत आणता येतो, पण घाई नको. आमचा टप खडूसारखा झाला होता, हात फिरवला की बोटं निळी. आधी धुऊन सावलीत वाळवला. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा, भरपूर पाण्यावर फिरवला. हात हलका होत गेला तसा खरखरीतपणा गेला. त्यानंतर जुन्या बनियनच्या फडक्याने तेलकट ग्लेझ सढळ हाताने चोळून रात्रभर तसंच ठेवलं. असा कोरडा रंग तेल पितो; सकाळी निम्मा टप कोरडा दिसत होता. पुन्हा एक हात दिला, पुसला, तेव्हा कुठे सौम्य पॉलिश घेतलं. फडकं निळंशार झालं की बाजू बदलायची, नाहीतर निघालेला रंगच पुन्हा घासला जातो.

५. मेण लावायला कंजुषी नको. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. आपल्या उन्हात ते फार टिकत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांनी लावावं. पाण्याचे मोती बनेनासे झाले की समजा संपलं. सिरॅमिक कोटिंगचं माझं मत विचाराल तर जुन्या रंगाला नको. ते बसवायला आधी घासावं लागतं, काढायलाही घासावंच लागतं.

६. आंब्याखाली गाडी लावू नका, मोहोराच्या दिवसांत तर नाहीच. तुडतुड्यांचा चिकटा बॉनेटवर पडतो, त्यावर धूळ बसते. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, उन्हात तास-दोन तासांत रंगावर डाग धरते. ओलं फडकं ठेवून भिजू द्यावी, नखाने खरवडू नये. डांबराच्या ठिपक्यांना खोबरेल तेल पुरतं. थिनर नको. गॅरेजमध्ये एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारलेला असेल तर तो त्यात विरघळतोच.

७. दसऱ्याची पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू बॉनेटवर नको, काचेवर लावा. झेंडूचा हार ग्रिलला बांधा आणि दुसऱ्या दिवशी सोडा. आठवडाभर भिजत लोंबणारा हार डागही पाडतो आणि त्यातली तार रंगही ओरबाडते.

८. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नये, आत वाफ कोंडते. दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती मे महिन्यातच काडीने मोकळी करून घ्या. गंज आतून आला की बाहेरची चमक काय कामाची?

९. पेंटिंग करायचंच असेल तर पेंटरला आधी सांगा की गाडीवर सिलिकॉनवालं पॉलिश लावलेलं आहे. ते नीट धुतलं नाही तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. आणि शक्यतो मूळचाच रंग द्या. आरसी बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते. रंग बदलला तर आरटीओत जाऊन ती बदलून घ्यावी लागते.