कोयोट, कोकरू आणि कुंपण

अमेरिकेतील शेतीजीवनाविषयी काही वाचू लागले की कोयोट नावाचा प्राणी फार लवकर आडवा येतो. त्याला मराठीत काय म्हणावे, हा पहिला प्रश्न. कोल्हा म्हणावे तर तो आपल्या कोल्ह्याहून अंगाने थोराड. लांडगा म्हणावे तर लांडग्याहून बराच लहान. वजन साधारण दहा ते सोळा किलो, रंग करडा-पिंगट, शेपूट झुपकेदार. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला 'कोयोत्ल' हा शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला. १८०४ साली पश्चिमेच्या शोधास निघालेल्या ल्युइस व क्लार्क यांनी त्याला 'गवताळ रानातला लांडगा' म्हटले. १८२३ मध्ये थॉमस से या शास्त्रज्ञाने त्याला 'कॅनिस लॅट्रन्स', म्हणजे 'भुंकणारा कुत्रा', असे शास्त्रीय नाव दिले. आपणही या लेखात त्याला कोयोटच म्हणू.

प्राणिशास्त्राचा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. परंतु कोयोटचा प्रश्न जितका प्राण्याचा आहे, तितकाच तो माणसाच्या अर्थव्यवहाराचा, शासनाच्या धोरणाचा आणि थोडासा हट्टाचाही आहे. ज्यांच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत अशा आपल्या मित्रांना तर तो समजावून सांगण्याची गरजच नाही.

अशी कल्पना करा की, वायोमिंग किंवा कॅलिफोर्निया राज्यात एका कुटुंबाची चाळीसएक मेंढ्यांची लहानशी शेती आहे. वसंत ऋतूत मेंढ्या वितात. एके दिवशी पहाटे कुंपणाच्या कडेला एक कोकरू मेलेले सापडते, चार दिवसांनी दुसरे, आठवड्याने तिसरे. हजारो मेंढ्यांच्या मालकाला तीन कोकरे म्हणजे हिशेबाच्या वहीतला एक आकडा. या कुटुंबाला मात्र तो वर्षाच्या नफ्याचा मोठा हिस्सा असतो. रात्री टेकडीवरून कोयोटचे ओरडणे ऐकू येते. अशा वेळी त्या माणसाचा हात बंदुकीकडे गेला तर शहरात बसून त्याला क्रूर ठरवणे सोपे आहे. प्रश्न हात बंदुकीकडे जाण्याचा नाही. बंदुकीने त्याचे कोकरू वाचते काय, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शोधले. एकोणिसाव्या शतकात स्ट्रिक्निन घातलेले मांस रानोमाळ टाकले जाई. पुढे मारलेल्या प्राण्यामागे बक्षिसे देण्याची पद्धत ठिकठिकाणी रुजली. १९३१ साली मध्यवर्ती सरकारने कायदा करून उपद्रवी प्राण्यांच्या निर्मूलनाचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. थॅलियम आले, दुसऱ्या महायुद्धानंतर '१०८०' या क्रमांकाने ओळखले जाणारे जहाल विष आले. विषाला अर्थातच कोयोट कोण आणि गरुड कोण हे कळत नाही. १९७१ च्या वसंतात वायोमिंगमधील कॅस्पर शहराजवळ वीसहून अधिक गरुड मरून पडलेले आढळले आणि त्यांच्या शरीरांत थॅलियम निघाले. त्यावर देशभर काहूर उठले. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून सरकारी जमिनींवर अशा विषांचा वापर बंद केला. योगायोग असा की, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच.

तरीही मारणे थांबले नाही. २०१८ ते २०२१ या काळात केंद्रीय खात्याच्या माणसांनी दरवर्षी साठ हजारांहून अधिक कोयोट मारले. काही सापळ्यांनी, काही हेलिकॉप्टर व विमानांतून गोळ्या घालून, काही सायनाइड उडवणाऱ्या नळीने. २०१७ मध्ये आयडाहो राज्यातील पोकाटेलोजवळ अशाच एका नळीला एका मुलाचा हात लागला. मुलगा कसाबसा बचावला, त्याचा कुत्रा मात्र त्याच्या डोळ्यांसमोर मेला. २०२३ साली सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या एका मोठ्या खात्याने या नळ्यांचा वापर बंद केला.

आता या दीडशे वर्षांच्या लढाईचे फळ पाहा. एके काळी कोयोट मुख्यतः पश्चिमेकडच्या मोकळ्या प्रदेशाचा रहिवासी होता. आज तो अलास्कापासून मध्य अमेरिकेपर्यंत आणि अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरला आहे. शिकागोसारख्या महानगरात तो राहतो, पिले वाढवतो. त्याच्या या पसाऱ्याला लांडग्यांचा संहार आणि जंगलतोड यांनीही हातभार लावला, हे खरे. पण संख्या न हटण्याचे एक कारण त्याच्या घरसंसारात आहे. कोयोटचे जोडपे आपली हद्द राखून राहते. माद्या एका वेळी साधारण पाच-सहा पिले देतात. हद्दीतले प्राणी मारले गेले की उरलेल्यांना खाणे मुबलक मिळते, अधिक पिले जगतात, एरवी थांबल्या असत्या अशा तरुण माद्याही वितात, आणि मोकळ्या जागेत बाहेरचे भटके कोयोट येऊन बसतात. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनली व लाँगहर्स्ट या अभ्यासकांनी गणिती प्रतिमान मांडून दाखवले की, दरवर्षी शेकडा पंचाहत्तर कोयोट मारले तरी त्यांचा निर्वंश व्हायला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागेल. शेकडा पंचाहत्तर! कुठल्या शेतकऱ्याला, कुठल्या सरकारला ते झेपणार?

परंतु येथेच थांबून 'मारणे व्यर्थ' असा निकाल देणेही बरोबर नाही. माझ्या मते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे काम कॅलिफोर्नियातील हॉपलंड येथील विद्यापीठाच्या शेतीकेंद्रात झाले. १९९० च्या दशकात तेथे कोयोटांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून कोण मेंढ्या मारतो याचा माग काढण्यात आला. असे दिसले की, सारेच कोयोट मेंढ्या मारीत नाहीत. हे काम बहुतेक वेळा त्या हद्दीतले विणारे, जाणते जोडपे करते. आणि सापळ्यात सापडतात कोण? तरुण, अननुभवी, भटके. म्हणजे वर्षानुवर्षे गुन्हा एकाचा आणि फाशी दुसऱ्याला असा प्रकार चालला होता. सरसकट मारण्याने मेंढ्यांची हानी कमी होत नव्हती. नेमक्या त्या जोडप्यातला एक जरी गेला तरी हानी पुढील काही आठवडे थांबे किंवा पुष्कळ घटे, नवे जोडपे जागा घेईपर्यंत.

ते जोडपे मेंढ्यांवर का वळते, याचा खुलासाही झाला आहे. कोयोटचे मुख्य अन्न उंदीर, ससे, मेलेली जनावरे, फळे असे मिळेल ते. वसंतात बिळात पिले असतात आणि त्याच वेळी कुरणात कोकरे असतात. पिलांची तोंडे भरण्यासाठी मोठी शिकार लागते. १९८३ साली वायोमिंगमधील एका अभ्यासात नुसती बिळातली पिले काढून टाकली, मायबाप जिवंत ठेवले, तरी कोकरे मारणे जवळजवळ थांबले. पुढे उटाह राज्यात जोडप्यांची शस्त्रक्रियेने नसबंदी करून पाहिली, तेव्हाही हेच आढळले आणि जोडप्याने हद्द मात्र सोडली नाही. पिले मारण्याची कल्पना अंगावर काटा आणते हे मी मान्य करतो. पण कारण कोठे आहे हे त्यातून कळते.

तेव्हा लहान शेतकऱ्यापुढचा पहिला प्रश्न 'किती मारू' हा नसून 'कोकरू कोणी मारले' हा असतो. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसूरीत व पुढे कॅन्ससमध्ये बक्षिसांच्या ऐवजी शेतकऱ्यांना हेच शिकवण्याचा मार्ग पत्करला गेला. मेलेल्या कोकराची मानेखालची कातडी सोलून पाहावयाची. कोयोट बहुधा जबड्याच्या मागे गळा पकडतो. तेथे दातांची भोके आणि कातडीखाली साकळलेले रक्त दिसते. रक्त साकळलेले नसेल तर कोकरू आधीच मेले होते आणि कोयोटने फक्त मढे खाल्ले. मोकाट कुत्री मागच्या पायांना, कुशीला, कानांना वाटेल तसे चावतात, अनेक मेंढ्या घायाळ करतात आणि खात फारसे नाहीत. कोकरू मेलेलेच जन्मले असेल तर त्याच्या फुप्फुसात हवा नसते. तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. किती कोयोट कुत्र्यांच्या आणि रोगांच्या पापासाठी मेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

गुन्हेगार कोयोटच ठरला, तर त्याला गाठण्याच्या दोन रीती आहेत. एक, त्याच्या येण्याच्या वाटेवर, कुंपणाखालच्या उकिरलेल्या जागेजवळ पाय पकडणारा सापळा पुरणे. मात्र सापळ्याला माणसाचा वास लागता कामा नये आणि तो रोज पाहिला पाहिजे. जनावराला तेथे दिवसेंदिवस तडफडत ठेवणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. दुसरी, पहाटे किंवा तिन्हीसांजेला वाऱ्याच्या खालच्या अंगाला नजर ठेवून बसावे आणि जखमी सशाच्या आर्त ओरडण्यासारखा आवाज काढणारी शिट्टी फुंकावी. कोयोट जवळजवळ नेहमीच वळसा घालून वाऱ्यावर वास घेत येतो. ज्याला एकदा चुकलेली गोळी ऐकू आली तो पुन्हा त्या शिट्टीला फसत नाही, म्हणून नेम नक्की नसेल तर बार न काढणे बरे. कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. शर्यती लावून, बक्षिसांसाठी मारण्याला कॅलिफोर्नियाने २०१४ साली मनाई केली.

याहून विलक्षण एक युक्ती आहे. १९८५ पासून काही राज्यांत, कडक परवान्याखाली, मेंढीच्या गळ्यात '१०८०' विषाच्या पिशव्यांचा पट्टा बांधण्यास मुभा मिळाली. जो गळा धरील, तोच मरेल. न्यायाच्या दृष्टीने यापेक्षा नेमके काय असणार? पण त्यासाठी एका मेंढीचा गळा पणाला लावावा लागतो, आणि विष ते विषच.

एवढे सारे केल्यावरही जागा रिकामी राहत नाही, म्हणून जाणते शेतकरी अखेर कुंपणाकडे आणि कुत्र्याकडे वळतात. कोयोट शक्यतो उडी मारण्यापेक्षा खालून किंवा फटीतून घुसतो. म्हणून जाळी जमिनीलगत घट्ट हवी, तिचा खालचा पदर बाहेरच्या बाजूस जमिनीवर पसरलेला हवा, आणि वर विजेचा झटका देणारी एखादी तार असली तर उत्तम. विण्याच्या दिवसांत मेंढ्या रात्री मेंढवाड्यात घ्याव्यात. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये, पुरावे. मढ्याची चटक हीच पुष्कळदा पहिली पायरी असते. ही कामे नीरस आहेत. त्यांत शिकारीचा थरार नाही, म्हणून ती मागे पडतात असे मला वाटते.

कुत्र्याची गोष्ट अधिक रंजक आहे. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने युरोप व तुर्कस्तानातून राखणीचे कुत्रे आणून अमेरिकन शेतकऱ्यांना दिले. मर्म जातीपेक्षा वाढवण्यात आहे. पिलू सात-आठ आठवड्यांचे असतानाच मेंढ्यांत सोडावयाचे, म्हणजे ते मेंढ्यांनाच आपले गणगोत मानते. हे नवे ज्ञान म्हणून गाजले; पण नव्हाहो इंडियन मेंढपाळ आपल्या साध्या, मिश्र जातीच्या गावठी कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या असेच वाढवीत आले होते, हे १९८० च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आले. आपल्याकडे धनगराच्या वाड्यावर वाघूर लावून मेंढ्या बसवल्यावर भोवती पडून राहणारी कुत्री ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. आणखी एक गंमत अशी की, याच नव्हाहो लोकांच्या कथांत कोयोट हा मोठा खोडकर, कधी सृष्टीची घडी विस्कटणारा तर कधी ती बसवणारा पात्रविशेष आहे. ज्याच्यापासून कळप राखावयाचा, त्याच्याच गोष्टी हिवाळ्याच्या रात्री मुलांना सांगावयाच्या!

कॅलिफोर्नियातील मॅरिन जिल्ह्याने २००० सालाच्या सुमारास केंद्रीय खात्याशी असलेला करार संपवला आणि तो पैसा शेतकऱ्यांची कुंपणे, राखणीचे कुत्रे व लामा यांच्यासाठी वळवला. काही मेंढपाळ समाधानी झाले, काही कुरकुरत राहिले. कुत्र्यालाही खायला लागते, आणि डोंगरउताराच्या मोठ्या कुरणाला कुंपण परवडत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर कोयोट मारू नये असा नियम मात्र तेथेही केला गेला नाही. बंदूक घरात राहिली. ती कोणावर आणि केव्हा उचलावयाची, हे ठरवण्यासाठी आता आधी कुंपणाच्या कडेने एक फेरी मारावी लागते.