डिस्प्ले कोरा का राहतो?



आपल्या सभासदांची बरीच मुलं-मुली आता पदविकेला व इंजिनिअरिंगला आहेत. ठिबकची मोटार किती वेळ चालली, विहिरीत पाणी किती उरलं, हे दाखवणारी छोटी यंत्रं ती प्रकल्पासाठी करतात. एकही पार्ट विकत न घेता आधी संगणकावर ‘प्रोटिअस’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी जोडणी चालवून पाहता येते, ही मोठी सोय. पण पुष्कळांचं घोडं अडतं ते डिस्प्लेपाशी. सुरू केलं की हिरवी पाटी दिसते, अक्षर एक नाही. मग पोरं सगळा प्रोग्राम खोडून पुन्हा लिहायला बसतात. ऊस पिवळा दिसला की मुळी न उकरता युरिया टाकण्यातलाच हा प्रकार!

आधी चिपला हेक्स फाइल दिली आहे का, हे पाहावे. मित्राकडून पेनड्राइव्हवर फोल्डर आणलं की जुना पत्ता चुकतो. फाइल पुन्हा निवडून द्यावी लागते. प्रोग्राम दुरुस्त केला पण कंपाइल केला नाही, तर जुनीच फाइल चालत राहते.

नंतर पायांजवळचे रंगीत ठिपके बघावेत. तांबडा म्हणजे १, निळा म्हणजे ०, करडा म्हणजे तार लोंबकळतेय. ८०५१ चिपच्या पोर्ट ० वर डिस्प्ले जोडला असेल तर प्रत्येक तारेला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर हवाच. हा पोर्ट स्वतःहून १ देऊ शकत नाही.

खरी गोम असते वेळेत. १६ अक्षरं, २ ओळींचा नेहमीचा डिस्प्ले हिताचीच्या एचडी४४७८० पद्धतीवर चालतो. वीज मिळाल्यावर त्याला १५ मिलिसेकंदांहून जास्त उसंत द्यावी लागते, मग हेक्स ३० ही आज्ञा तीनदा, मध्ये थांबत. चारच तारा वापरायच्या तर त्यानंतर हेक्स २०. पडदा पुसायच्या आज्ञेला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो, बाकीच्या बहुतेक आज्ञांना ४० मायक्रोसेकंदही पुरतात. आता प्रोग्राम १ मेगाहर्ट्झ धरून लिहिला आणि सॉफ्टवेअरमध्ये चिपला ८ मेगाहर्ट्झ दिले, तर १५ चे दोनसुद्धा उरत नाहीत. डिस्प्ले जागा व्हायच्या आत आज्ञा येऊन जातात. दोन्हीकडचा आकडा एकच ठेवावा. अक्षरं येतात पण भलतीच, असं असेल तर डी४ ते डी७ या तारांचा क्रम तपासावा. दुसरी ओळ रिकामी राहिली तर हेक्स सी० ही आज्ञा दिली का पाहावे.

आमच्या मते मुलांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी: संगणक पुष्कळ चुका पोटात घालतो, शेतातली पेटी घालत नाही. संगणकावर कॉन्ट्रास्टचा ३ नंबरचा पाय मोकळा सोडला तरी अक्षरं दिसतात. खऱ्या डिस्प्लेवर तसं केलं तर पडदा कोरा, आणि रात्रीच्या विजेवर मोटार कोरडी फिरतेय की पाणी ओढतेय हे मालकाला कळायचं नाही. तिथे १० किलोओहमचा प्रीसेट बसवून हळू फिरवावा. वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन उमटले, तर वीज व कॉन्ट्रास्ट ठीक आहेत, सुरुवातीच्या आज्ञा मात्र पोचल्या नाहीत. तेव्हा ‘ई’ची तार आणि थांबण्याच्या वेळा पुन्हा तपासाव्यात. ‘आरडब्ल्यू’ पाय प्रोग्राममध्ये वापरत नसाल, तर तो ग्राउंडला जोडावा.