पायथन तुमचं गणित कसं वाचतो? कोटेशन पाठवण्याआधी हे समजून घ्या

समजा तुमचा मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. एका पाकिटाचा माल ४० रुपये, पॅकिंग ५ रुपये, ऑर्डर १०० पाकिटांची. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ४० + ५ × १०० दाबलं की ४५०० येतात. बरोबर! आता हेच पायथनच्या स्क्रिप्टमध्ये ४० + ५ * १०० असं लिहा. उत्तर येतं ५४०. एरर वगैरे काही नाही. असं कोटेशन गेलं तर ३९६० रुपयांचा फटका.

असं का होतं? साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल तसा हिशेब पुढे नेतो. पायथन आधी पूर्ण वाचतो, मग हिशेबाला बसतो. पहिल्यांदा ओळीचे तुकडे पाडतो: ४०, अधिक, ५, गुणिले, १००. यांना टोकन म्हणतात. मग कोण कोणाला बांधलेलं आहे ते ठरवून उलट्या झाडासारखी मांडणी करतो. गुणाकाराची पकड बेरजेपेक्षा घट्ट, म्हणून ५ आणि १०० एका फांदीवर खाली जातात आणि बेरीज शेंड्यावर राहते. हिशेब होतो खालून वर. आधी ५००, मग त्यात ४०.

(४० + ५) * १०० असा कंस घातला की झाडच बदलतं. बेरीज खाली, गुणाकार वर. ४५०० मिळाले!

कंस बंद करायचा राहिला तर? झाड बनतच नाही, सिंटॅक्स एरर येतो आणि त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. माझ्या मते हे बरंच आहे. निदान कळतं तरी.

खरी भीती गुपचूप चुकणाऱ्या गोष्टींची. इनपुट वापरून घेतलेला भाव पायथनला आकडा नसतो, मजकूर असतो. ४५ टाईप केलं आणि त्याला २ ने गुणलं तर ९० नाही, ४५४५ येतं! म्हणून भाव आधी इंट किंवा फ्लोटमध्ये बदलून घ्यायचा.

(इथे अंक मराठीत लिहिलेत. कोडमध्ये ते इंग्रजीतच टाकावे लागतात. व्हेरिएबलला मात्र 'भाव' असं नाव पायथन ३ मध्ये खुशाल द्या.)

आता सराव. लागत ८० रुपये, विक्री किमतीवर मार्जिन २० टक्के. ८० / १ - ०.२ लिहिलं तर ७९.८ येतात, म्हणजे लागतही सुटत नाही. कागदावर याचं झाड काढा आणि कंस कुठे हवा ते शोधा. उत्तर १०० यायला हवं.