सेल घ्यावा तोलून

आमच्या सेलू तालुक्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे बऱ्याचदा रात्र जागायची, कारण थ्री फेज लाईट येते रात्रीची. पाणी वळवायला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पायाखाली घोणस, मण्यार आहे का तेही दिसायला हवं. म्हणून घरोघरी डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी आली. मी शेती सांभाळून फवारणीचे पंप आणि या बॅटऱ्या दुरुस्त करतो, त्यामुळे त्यांच्या पोटात काय भरलेलं असतं ते मला रोज दिसतं.

चुलत्यांच्या आखाड्यावर चांगल्या भावाची वाट पाहत कापूस खोलीत भरून ठेवला होता. त्याच खोलीच्या खिडकीत बॅटरी चार्जिंगला लावलेली. रात्री सालगड्याचा फोन आला, "दादा, बॅटरीतून फुसफुस आवाज यायलाय." पोरगा हुशार. मी बोलायच्या आत त्यानं बटण बंद केलं होतं. लांब काठीनं बॅटरी खिडकीतून बाहेर ढकलली आणि अंगणात पडता पडता तिनं पेट घेतला. आधी थिनरसारखा गोडसर वास, मग दाट पांढरा धूर, मग आगीचा झोत. कापूस तिथून चार-पाच हातांवर होता.

सकाळी मी ती उघडली. आत १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल होता, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. हाच सेल कित्येक पॉवर बँकांत आणि जुन्या लॅपटॉपांतही सापडतो. टोपी उडून गेली होती आणि आतली पट्टीची गुंडाळी नळीच्या मानानं फारच बारीक निघाली. खरा घोटाळा मात्र चार्जिंगच्या सर्किटात होता. असा सेल ४.२ व्होल्टला भरला की चार्जिंग थांबलंच पाहिजे. इथं थांबवणारी चिपच बसवलेली नव्हती. अडॅप्टरचे ५ व्होल्ट एका डायोडातून थेट सेलला जोडून दिलेले. रात्रभर लावून ठेवली की सेल फाजील भरत जाणार, तापणार.

जळक्या वेष्टणावर ९८०० एमएएच एवढं मात्र वाचता येत होतं. हा आकडा शुद्ध थाप आहे. नामांकित कंपन्यांचे या मापाचे चांगले सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपासच थांबतात. तेव्हा मोंढ्यातल्या दुकानात जितका मोठा आकडा दिसेल तितकं लवकर पुढं सरकावं. दुसरी परीक्षा वजनाची. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीतला निघाला तर आत माल कमी आहे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही एवढ्यापुरता चालतो. दुकानदार हसला तर हसू द्या.

या सेलचा धाकच वाटत असेल तर फॉस्फेट जातीचा लिथियम सेल पाहा. तो ३.२ व्होल्टचा असतो. साठवण कमी, पण तापून पेटायची खोड त्याला बरीच कमी. फक्त दोन्हींचे चार्जर वेगळे, एकाचा दुसऱ्याला लावू नये. शिशाच्या ४ व्होल्ट बॅटरीच्या जुन्या टॉर्च जड होत्या, वर्षभरात बसायच्या. तरी खिडकीत पेटलेली एकही माझ्याकडे आली नाही.

सुटा सेल खिशात टाकून फिरणारी मंडळी मला रोज भेटतात. या सेलचं अख्खं पत्र्याचं अंग ऋण टोक असतं. धन टोक तेवढं वरचं बटण, आणि मध्ये नखाएवढं अंतर. तिथलं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं किंवा खिशातली किल्ली आडवी पडली की शॉर्ट झालाच. परदेशात ई-सिगारेट ओढणारे हेच सेल वापरतात. खिशातल्या खिशात सेल पेटून मांड्या भाजल्याच्या नोंदी तिकडच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आपल्याकडे ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे, पण सेलला कुठली बंदी? अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये लोकांना बजावलं की हे सेल कारखान्यात सर्किटसह पॅकमध्ये बसवण्यासाठी असतात, सुटे विकत घेऊ नका. आपल्याकडे ते वाटाण्या-फुटाण्यासारखे मिळतात. निदान भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. चिन्हही खोटं छापता येतं, म्हणून काटा सोडू नका.

फवारणीच्या पंपाच्या लिथियम पॅकमधला एकच सेल बदलून द्या, असा हट्ट धरून लोक येतात. मी देत नाही. जुन्या-नव्याची जोडी लावली की कमजोर सेल आधी रिकामा होतो, आधी भरतो आणि मारही तोच खातो.

चार्जिंग डोळ्यांसमोर करा, फरशीवर. कापूस, कडबा, अंथरूण यांच्यापासून लांब. मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली तर नकोच, ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात. पेटलाच तर आधी वीज तोडा, धुरात तोंड घालू नका, लांबूनच भरपूर पाणी मारा. लिथियमवर पाणी चालत नाही ही समजूत या सेलपुरती चुकीची आहे. आणि विझला म्हणून लगेच उचलू नका, तो पुन्हा पेटू शकतो.

बाद सेल शेकोटीत किंवा उकिरड्यावर जाऊ नये. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या गावापर्यंत त्यांचं कोणी अजून आलेलं नाही. तोवर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते माझ्याकडे आणून द्या. दुकानाबाहेर वाळू भरलेला डबा ठेवला आहे.